उद्धवराव झिंजाड्यांची वरची मर्यादा

नोव्हेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मोशीच्या शिवसाफल्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अकरा माणसांच्या देखत, उद्धवराव झिंजाडे यांना त्यांच्याच छातीने लाथ मारली. लाथ हा शब्द उद्धवरावांचा. बघणाऱ्यांपैकी कोणी म्हणालं ते उडाले, कोणी म्हणालं ते बसले, आणि ए विंगमधल्या एक बाई ठिणगी दिसल्याचं आजही शपथेवर सांगतात. ठिणगी वगैरे काही नव्हती. हातातली लेझीम सुटून चार हात लांब एका स्कूटरच्या सीटवर पडली, उद्धवरावांच्या तोंडून एक शब्द गेला जो त्यांनी सोसायटीत त्याआधी कधी वापरला नव्हता, आणि ते आहे तिथे फरशीवर मांडी घालून बसले. चेहरा वेदनेपेक्षा अपमानाचा होता.

त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. दोन वर्षांपूर्वी हृदयाने एकदा भलतीच लय धरून त्यांना कंपनीत आडवं केलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी ते बसवलं. हृदय पुन्हा तसं बेफाम झालं तर झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचं, एवढंच यंत्राचं काम. दोन वर्षं ते गप्प पडून होतं. इतकं गप्प, की उद्धवराव त्याला जवळजवळ विसरले होते, आणि विसरले नसते तर लेझमीच्या भानगडीत पडलेच नसते.

भानगड अशी, की आसपासच्या सोसायट्यांनी मिळून सव्वीस जानेवारीला लेझीम स्पर्धा ठेवली होती आणि त्यात पन्नाशीच्या पुढच्यांचा वेगळा गट होता. उद्धवराव मूळचे करमाळ्याकडचे. शाळेत असताना तालुक्याला त्यांचा लेझमीचा हात प्रसिद्ध होता, निदान ते तसं सांगत. त्यांनी तीन दिवसांत स्वतःला धरून सहा पुरुष आणि सहा बायका जमवल्या, चऱ्होलीहून धोंडीबा हलगीवाल्याला बोलावलं आणि स्वतःला प्रमुख नेमून घेतलं. वय सत्तावन्न, चाकणच्या शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीत चौतीस वर्षं तपासणी विभागात नोकरी. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचा माल पास-नापास केला, त्याला चारचौघांत त्याच्याच मशीनने नापास करावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्या संध्याकाळी पहिला उपचार केला तो नवनाथ ढोबळे यांनी. नवनाथ म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधले निवृत्त इलेक्ट्रिशियन आणि लेझमीत उद्धवरावांच्या समोरचे जोडीदार. त्यांनी खिशातला टेस्टर काढला आणि कोणी काही बोलायच्या आत उद्धवरावांच्या दंडाला लावला. दिवा लागला नाही. मग कानाच्या पाळीला लावून बघितला. तिथेही लागला नाही, तेव्हा नवनाथांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की सध्या करंट नाही, पण अर्थिंगचा प्रश्न दिसतोय.

दवाखान्यात फोन केला तर तिथल्या बाईंनी विचारलं, झटका एकच बसला का, आता बरं वाटतंय का, गरगरतंय का. एकच बसला असेल आणि बरं वाटत असेल तर गुरुवारी या, त्याआधी दुसरा बसला तर मात्र असाल तसे ताबडतोब निघा. या वाक्यातलं ‘दुसरा’ एवढंच कौशल्याबाईंना ऐकू आलं. कौशल्याबाई म्हणजे उद्धवरावांच्या पत्नी. त्या दिवसापासून त्यांनी उद्धवरावांना पाण्याची बादली उचलू दिली नाही, जिना चढू दिला नाही आणि चहा द्यायचा तो कप टीपॉयवर ठेवून, दोन पावलं मागे सरकून. पायात रबरी सपाता घालायला लागल्या. घरात चप्पल न घालणारी बाई स्वयंपाकघरात सपाता घालून फिरते हे बघून उद्धवरावांना आपण मिक्सर असल्यासारखं वाटायला लागलं.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बैठक भरली. शिवसाफल्यमधली निम्मी माणसं चाकणच्या पट्ट्यात कामाला, त्यामुळे कुठलीही अडचण आली की तिथे ‘व्हाय-व्हाय’ होतं. कंपनीत मशीन बंद पडलं की लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मुळाशी जायचं, ही ती पद्धत. पाण्याची टाकी गळली तेव्हा झालं, कुत्र्यांचा त्रास वाढला तेव्हा झालं, आता उद्धवरावांचं करायचं ठरलं. नवनाथांनी फळ्यावर लिहायला घेतलं. झटका का बसला? यंत्राने दिला म्हणून. यंत्राने का दिला? ठोके वाढले म्हणून. ठोके का वाढले? लेझीम खेळले म्हणून. लेझीम का खेळले? स्पर्धा आहे म्हणून. स्पर्धा का आहे? सगळ्या सोसायट्यांनी मिळून ठेवली म्हणून. मूळ कारण सापडलं, पण त्यावर आपला काही अधिकार चालत नाही असं मत पडल्यामुळे उपाय तेवढा सुचवण्यात आला: उद्धवरावांनी यापुढे खुर्चीत बसून मार्गदर्शन करावं.

खुर्चीत बसून लेझीम शिकवणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणं, असं उद्धवराव म्हणाले. ते म्हणेपर्यंत चहा आला होता आणि कोणाचंच लक्ष नव्हतं.

मंगळवारी दाराखालून पत्र सरकलं. सोसायटीच्या सेक्रेटरी सुमनताई पंचायत समितीतून निवृत्त झाल्या होत्या आणि तोंडी बोललेलं त्यांना बोलल्यासारखं वाटत नसे. लेझमीच्या बारा जणांत त्या नव्हत्या, पण लेझमीची फाइल त्यांच्याकडे होती. पत्राचा विषय होता, ‘आपल्या छातीतील यंत्राच्या सामाईक जागेतील वापराबाबत.’ उपरोक्त यंत्र हे विद्युत उपकरण असून त्याची नोंद सोसायटीच्या दप्तरी नाही, असं म्हणून पुढे दोन अटी घातल्या होत्या. पार्किंगमध्ये लेझीम खेळायची असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणावं, आणि सोबत पत्नीचं सहीनिशी ना हरकत पत्र जोडावं. दोन्ही कागद दोन प्रतींत.

डॉक्टरांचं बघता येईल, पण कौशल्याची सही तर घरातलीच आहे, असं समजून उद्धवरावांनी जेवताना कागद आणि पेन पुढे केलं. कौशल्याबाईंनी आमटी वाढली, भात वाढला, कागद बाजूला सारला.

“मी सही करणार नाही,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी कंपनीतून मला फोन आला होता. मी कणीक मळत होते. तसला फोन मला पुन्हा घ्यायचा नाही.”

उद्धवरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. खरं सांगायचं तर भीती त्यांनाही बसली होती, फक्त ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बुधवारी कंपनीची बस नाक्यावर उभी होती. दहा पावलं पळाले असते तर मिळाली असती. पण ते पळाले नाहीत. मनगटावर दोन बोटं ठेवून, ठोके मोजत, वरातीतल्या म्हाताऱ्यांच्या चालीने ते चालत राहिले आणि बस निघून गेली. ड्रायव्हरने आरशातून बघितलंसुद्धा. उरलेली सगळी वर्षं असंच बोटं लावून चालायचं की काय, हा विचार मनात आला आणि त्यांना बसथांब्यावर उभ्या उभ्या रडू यायला लागलं. लेझीम हे निमित्त होतं. त्यांना आपलं शरीर परत हवं होतं.

गुरुवारी दोघं दवाखान्यात गेली. यंत्रांची तपासणी फक्त गुरुवारी व्हायची आणि त्यासाठी आधी यंत्राचं कार्ड दाखवावं लागायचं. कार्ड कौशल्याबाईंनी दोन वर्षं देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली जपलं होतं. रोज त्याला हळदकुंकू वाहिलेलं. त्यामुळे कार्डाची प्रकृती उत्तम असली तरी नंबरातला शेवटचा आकडा तीन की आठ हे कळायला मार्ग नव्हता. खिडकीवरच्या माणसाने आठ टाकला तर संगणकावर नाशिकच्या कोणी बाई निघाल्या. तीन टाकल्यावर उद्धवराव सापडले. मग नातेवाइकाची सही, मग ती सही निळ्या शाईत नाही म्हणून पुन्हा सही, आणि मग जेवणाची सुट्टी. सही या गोष्टीला कौशल्याबाईंची तत्त्वतः हरकत नव्हती हे उद्धवरावांनी तेवढ्यात टिपून ठेवलं.

डॉक्टर मिनल गायकवाड चाळिशीच्या आतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी उद्धवरावांच्या खांद्यावर एक चकती ठेवली आणि यंत्राने दोन वर्षांची सगळी हकीगत पडद्यावर ओकली. रविवार, सात वाजून दहा मिनिटं, ठोके मिनिटाला एकशे चोपन्न. यंत्राला सांगून ठेवलेली वरची मर्यादा एकशे पन्नास. डॉक्टर बराच वेळ रेघा बघत राहिल्या.

“तुमच्या हृदयाचं काही चुकलं नव्हतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुम्ही नाचत होतात, ते जोरात धडधडत होतं. लय एकदम चांगली आहे. यंत्राने फक्त आकडा बघितला आणि आजार समजून झटका दिला.”

उद्धवराव खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे जॉब चांगला होता आणि गेजने रिजेक्ट केला.”

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे वडील पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, घरात जेवताना हीच भाषा चालायची. उद्धवरावांची छाती चार दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन फुगली. माप तपासणारं गेजच चुकीचं असेल तर दोष मालाचा, म्हणजे जॉबचा, नसतो, हे ते कंपनीत चौतीस वर्षं ओरडून सांगत होते. त्यांनी कौशल्याबाईंकडे विजयी नजरेने बघितलं.

“तुमच्याकडे गेज किती दिवसांनी तपासतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“दर सहा महिन्यांनी. एक दिवस वर गेला तरी मी लाल स्टिकर लावून कपाटात बंद करतो. माझ्याकडे गय नाही.”

“आणि हे?” डॉक्टरांनी चकतीकडे बोट दाखवलं. “याची तपासणी सहा महिन्यांनी होती. तुम्ही चौदा महिने आलेला नाहीत. सुरुवातीला सावधगिरी म्हणून मर्यादा खाली ठेवलेली असते, तुमची तब्येत बघून ती बदलायची असते. तुम्ही आलातच नाही, तर बदलणार कोण?”

उद्धवराव खुर्चीत मागे सरकले. नियमाने बघितलं तर त्यांनी स्वतःला लाल स्टिकर लावून कपाटात बसायला हवं होतं. कौशल्याबाईंनीही आता त्यांच्याकडे बघितलं, पण ती नजर वेगळ्या जातीची होती.

एवढ्यावर भागलं नाही. ठोके आवरायची गोळी कधी घेता, असं डॉक्टरांनी विचारलं. सकाळी, उद्धवराव म्हणाले. किती वाजता? ते पाळीवर असतं, उद्धवराव म्हणाले, आणि आपण काही विचित्र बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू बाहेर आलं ते असं. गोळीच्या पाकिटावर ‘सकाळी एक’ लिहिलेलं. उद्धवरावांची पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि पाळीबरोबर त्यांची सकाळही. पहिल्या पाळीला सकाळ पहाटे साडेचारला व्हायची. तिसऱ्या पाळीला ते दिवसा झोपून दुपारी तीनला उठायचे, दात घासायचे, नाश्ता मागायचे, तेव्हा ती त्यांची सकाळ. शनिवारी दुपारी तीनच्या सकाळी त्यांनी गोळी घेतली. रविवारी पाळी बदलायची होती, म्हणून मधल्या दिवसाला सकाळच नव्हती. पुढची सकाळ एकदम सोमवारी पहाटे. आणि नेमक्या त्या बिनसकाळच्या रविवारी, बिनगोळीचे, ते लेझमीतला बैठकीचा, म्हणजे खाली बसून उठायचा, हात करत होते.

डॉक्टर हसू आवरत होत्या. “झिंजाडेसाहेब, तुमच्या हृदयाला पाळी नाही. त्याला रोज आठ वाजता गोळी द्यायची. तुम्ही झोपला असाल तर उठवून.”

“मी उठवीन,” कौशल्याबाई म्हणाल्या. दवाखान्यात त्या आपण होऊन बोलल्या ते हे पहिलं वाक्य.

पुढच्या गुरुवारी ट्रेडमिलची परीक्षा झाली. छातीला वायरी लावून, बनियन काढून, दोन नर्स आणि एक डॉक्टर यांच्यासमोर उद्धवराव जागच्या जागी चालले, मग भराभर चालले, मग पळाले. डॉक्टर आकडा वाचत होत्या. एकशे चाळीस, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे छपन्न. उद्धवरावांनी डोळे मिटून दात आवळले होते. काही झालं नाही. झटका त्या वेळापुरता डॉक्टरांनी बंद करून आपल्या हातात ठेवला होता, हे त्यांना नंतर सांगण्यात आलं. मग डॉक्टरांनी मर्यादा एकशे नव्वदपर्यंत वर नेली आणि यंत्राला आणखी एक गोष्ट शिकवली: ठोके पायरी पायरीने चढले की एकदम उसळले हे बघायचं, आणि लय नेहमीचीच असेल तर गप्प बसायचं. तरी तुम्ही एकशे साठच्या आत राहा, सुरुवात हळू करा, गरगरलं तर तिथेच थांबा आणि खेळ संपल्यावर एकदम उभे राहू नका, चालत राहा, असं बजावून त्यांनी प्रमाणपत्र लिहून दिलं. हे आकडे तुमच्यापुरते, दुसऱ्या कोणाला लावू नका, हेही म्हणाल्या. हे त्या नवनाथांना ओळखत नसतानाही म्हणाल्या.

“आता पुन्हा झटका बसणार नाही असं लिहून द्या,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“तसं कोणीच लिहून देणार नाही. खरी गरज पडली तर तो बसायलाच हवा, त्यासाठीच यंत्र आहे. उगाच बसू नये, तेवढं मी बघितलंय.”

कौशल्याबाईंनी मान हलवली. घरी आल्यावर सही मात्र केली नाही.

पण सराव बंद पडला नाही, कारण त्यांनी मधला मार्ग काढला. मुलगी वर्षाली माण गावातल्या एका कंपनीत होती, तिने ठोके मोजणारा एक मनगटी पट्टा पाठवला. आकडा फोनवर दिसायचा. सही नाही तोवर सुमनताईंनी ‘तात्पुरत्या स्वरूपात, पत्नीच्या देखरेखीखाली’ अशी परवानगी दिली आणि कौशल्याबाई रोज संध्याकाळी पार्किंगच्या कडेला खुर्ची टाकून, मांडीवर फोन ठेवून बसायला लागल्या. त्या आकडे मोठ्याने वाचायच्या. एकशे दहा. एकशे बावीस. एकशे एकोणचाळीस, अहो जरा हळू. पहिल्या आठवड्यात बारा जणांना हलगीपेक्षा कौशल्याबाईच जास्त ऐकू यायच्या. दुसऱ्या आठवड्यात धोंडीबाने हलगीचा वेग त्यांच्या आकड्यांवर लावून टाकला. एकशे चाळीस म्हटलं की तो हात आवरून वेग उतरवायचा.

“बाईंचं आकडं लई बेस हायती,” धोंडीबा म्हणाला. “आमी आजवर अंदाजानंच वाजवीत हुतो.”

आणि यातूनच एक गोष्ट घडली, जी कोणी ठरवली नव्हती. एरवी लेझीम सुरू झाली की पहिल्या मिनिटाला सगळे पेटायचे आणि चौथ्या मिनिटाला धापा टाकत थंड व्हायचे. आता खेळ हळूहळू चढायला लागला, एकेक हात नीट दिसायला लागला आणि शेवटच्या दोन मिनिटांत खरी मजा यायला लागली. उद्धवरावांना वाटलं आपण नवीनच बांधणी शोधून काढली. तसं त्यांनी सगळ्यांना सांगितलंही.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी आठला कौशल्याबाईंनी गोळी दिली, पाणी दिलं आणि ना हरकत पत्रावर सही केली, दोन्ही प्रतींवर. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली होती: ‘मी मैदानाच्या कडेला उभी राहीन आणि हात वर केला की हलगी थांबेल.’ सुमनताईंनी ती ओळ दोनदा वाचली, अट नियमात बसते का याचा विचार केला आणि शिक्का मारला.

मैदानावर कळलं की पन्नाशीच्या पुढच्या गटात दोनच संघ आहेत. एक शिवसाफल्य आणि दुसरा चिखलीचा, तो फेटे बांधून आला होता. नोंदणीच्या टेबलावर प्रमाणपत्र दाखवावं लागलं, आणि ते वाचून निवेदकाने माइकवरून सांगितलं की पुढच्या संघाचे प्रमुख हृदयरोगी आहेत, तरी आपण त्यांना सहानुभूतीची टाळी द्यावी. टाळी पडली. उद्धवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांचे ठोके त्या क्षणी, लेझीम हातात घेण्याआधीच, एकशे आठ झाले होते.

धोंडीबाने हलगीवर हात टाकला आणि बारा लेझमी एकदम खुळखुळल्या. पहिली तीन मिनिटं शिस्तीत गेली. कडेला कौशल्याबाई फोन धरून उभ्या, उजवा हात तयारीत. पाचव्या मिनिटाला बैठकीचा हात सुरू झाला आणि नवनाथ ढोबळे खाली गेले ते वर आलेच नाहीत. पोटरीत गोळा आला होता. ते तसेच खुरडत कडेला गेले आणि उद्धवरावांसमोरची जागा मोकळी पडली. पुढचा सगळा खेळ जोड्यांचा होता. समोर कोणी नसेल तर प्रमुखाचा प्रत्येक हात हवेत जाणार होता आणि ते सगळ्या मैदानाला दिसणार होतं.

उद्धवराव दोन ठोके एकटेच खेळले. तिसऱ्या ठोक्याला समोर कोणीतरी होतं. पदर खोचलेला, पायात काही नाही, हातात नवनाथांची लेझीम. कौशल्याबाईंनी फोन सुमनताईंच्या हातात कोंबला होता. दोन महिने रोज संध्याकाळी खुर्चीत बसून त्यांनी आकड्यांबरोबर खेळही बघितला होता, आणि कोण कुठे चुकतो हे त्यांना बाराही जणांपेक्षा जास्त माहीत होतं. उद्धवरावांचा अर्धा ठोका चुकला. कौशल्याबाईंचा नाही.

आता हात वर करायला कोणी नव्हतं. सुमनताईंचा चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स खुर्चीवर होती, त्यामुळे फोनमधला आकडा त्यांना नुसता हलताना दिसत होता. आकडे येईनात म्हटल्यावर धोंडीबा आपल्या मनाने वाजवायला लागला, आणि धोंडीबाचं मन त्या दिवशी भलतंच मोकळं होतं. हलगी चढली. उद्धवरावांना घाम फुटला, श्वास लागला, छाती भरून वाजायला लागली, आणि त्या रविवारी लाथ बसण्याच्या आधी जसं वाटलं होतं अगदी तसं वाटायला लागलं. थांबावं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी स्वतःला विचारलं, गरगरतंय का? नाही. डोळ्यांपुढे अंधार? नाही. पायरी पायरीने चढलोय की एकदम? पायरी पायरीने. समोर कौशल्याबाई दात आवळून लेझीम मारत होत्या. उद्धवरावांनी लाथेची वाट बघणं सोडून दिलं आणि खेळले. चाळीस वर्षांपूर्वी करमाळ्याच्या शाळेत खेळायचे तसे, किंवा तसं खेळायचे असं ते सांगत तसे.

हलगी थांबली. यंत्र गप्प होतं. मैदान मात्र गप्प नव्हतं. डॉक्टरांनी एकदम थांबू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून उद्धवराव लेझीम खांद्यावर टाकून गोल चालायला लागले. प्रमुख चालतोय म्हणून उरलेले अकरा जण त्यांच्या मागे चालायला लागले. परीक्षकांना ही वर्तुळातली सांगता फार आवडली आणि त्याचे तीन गुण वेगळे मिळाले. शिवसाफल्य पहिलं आलं. दोनच संघ होते हे खरं, पण उद्धवराव म्हणतात की पहिला तो पहिला, आणि चिखलीकर चांगले खेळतात हे ते स्वतःहून सांगतात, म्हणजे पहिल्या नंबराचं वजन कमी होऊ नये.

बक्षीस घेऊन ते कडेला आले तेव्हा कौशल्याबाई जमिनीवरच बसल्या होत्या, एक हात छातीवर. उद्धवरावांनी बक्षीस खाली ठेवलं. ते शेजारी टेकले, आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि त्यांच्या मनगटावर बांधला. सुमनताईंकडून फोन मागून घेतला. उद्धवरावांचा स्वतःचा खेळातला सगळ्यात वरचा आकडा एकशे बावन्न होता. कौशल्याबाईंचा दिसायला लागला तो एकशे सदुसष्ट.

“गरगरतंय का? दुखतंय?” त्यांनी विचारलं.

“नाही.” कौशल्याबाईंचा श्वास अजून लागलेला होता. केस सुटले होते, चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यावर उद्धवरावांनी कितीतरी वर्षांत न बघितलेलं काहीतरी होतं. “अहो, हे तुम्हाला पण असंच होतं का, खेळताना?”

“असंच होतं.”

“मग हे वाईट कुठंय?”

कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, कोणीतरी खुर्ची आणली, नवनाथ लंगडत आले आणि टेस्टरसाठी खिशात हात घालायला लागले. उद्धवरावांनी पत्नीला उठवायला हात दिला. कौशल्याबाईंनी तो घट्ट धरला, पण उठल्या नाहीत.

“थांबा हो,” त्या म्हणाल्या, “जरा धडधडू दे.”